चार्जिंगचा तांबडा दिवा : एका अभ्यासाची प्रस्तावना

मोटारीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. या वाक्याचा दुसरा भाग जवळपास प्रत्येक चालकाला ठाऊक असतो, पहिला फार थोड्यांना. चालत्या गाडीत दिवा लागला की माणूस धास्तावतो, गाडी कडेला घेतो, मेकॅनिकला फोन लावतो. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अनेकदा बिघाड नेमका तिथेच असतो.

दिव्यावर चित्र बॅटरीचे असले तरी तो बॅटरीची खबर देत नाही. साध्या, जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये बॅटरी किती भरली आहे, तिच्या प्लेटा किती झिजल्या आहेत, यातले काहीच त्या दिव्याला कळत नाही. बॅटरी पार थकलेली आणि वीज बनवणारा अल्टरनेटर धडधाकट असेल तर दिवा विझलेलाच राहतो. कालच बसवलेली कोरी बॅटरी असेल आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला, तर तो लख्ख पेटतो. हे माहीत नसल्यामुळे माणसे दिवा लागला की आधी बॅटरी बदलतात. नवी बॅटरी भरलेली असल्याने गाडी एकदोन दिवस चालते, पैसे कारणी लागले असे वाटते, आणि मग भर रस्त्यात ती पुन्हा बंद पडते. आजाराचे नाव कळण्याआधी दिलेले हे औषध असते. हा क्रम उलटा करावा, आधी मोजावे आणि मग बदलावे, एवढ्यासाठी हा अभ्यास आहे.

ही प्रस्तावना मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात बसून लिहितो आहे आणि या विषयाला जबलपूरइतके शोभणारे गाव मला दुसरे दिसत नाही. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर लष्करासाठी शक्तिमान ट्रक याच कारखान्यात बनू लागले. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. निसानच्या आराखड्यावरची जोंगा ही लष्करी गाडीही इथलीच. तिच्या नावातले पहिले अक्षर जबलपूरचे आहे. १९४७ पासून शहरात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पेशव्यांनी १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे दिला, तेव्हापासून मराठी वस्तीही इथे मुरलेली आहे. तेव्हा दीक्षितपुरा, गोलबाजार, राइट टाउन या भागांतल्या मराठी घरांत फॅक्टरीत आयुष्य घालवलेले एखादे काका भेटणे यात नवल नाही. त्यांच्याकडे वाहनांच्या विजेचे सखोल, हाताला मुरलेले ज्ञान असते. पण शॉपमधले बोलणे हिंदीत, मॅन्युअल इंग्रजीत आणि घर मराठीत, अशा तीन भाषांत ते वाटले गेले. घरच्या भाषेत ते कागदावर फारसे उतरले नाही, म्हणून पुढच्या पिढीला ते तुकड्यातुकड्यांनीच मिळाले. मराठी वाचकाला या विषयात स्वतःच्या भाषेतून, घाई न करता शिरता यावे असे मला मनापासून वाटते.

विषयाची सुरुवात मोटारीच्या जन्माआधीची आहे. फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती बॅटरी कारखान्यात बनण्याजोगी झाली. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी आत नेमके काय घडते ते मांडले: बॅटरी उतरताना दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते, ॲसिड खर्ची पडते आणि पाणी वाढते, भरताना हेच उलट होते. हायड्रोमीटर बुडवून ‘ग्रॅव्हिटी’ पाहण्याच्या रोजच्या कामामागे ही कल्पना आहे. ॲसिड किती जड आहे हे पाहणे म्हणजे बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे पाहणे.

मोटारीत बॅटरी खऱ्या अर्थाने आली ती १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंग यांच्या सेल्फ स्टार्टरसह कॅडिलॅक गाडीतून. हँडल मारून इंजिन फिरवण्याचे कष्ट आणि धोका संपला, पण एक नवी जबाबदारी आली. सेल्फ खाईल ती वीज गाडीने चालता चालता परत भरून काढली पाहिजे. ते काम डायनामोकडे आले. डायनामो मंद गतीत फारसे काही देत नाही, आणि तो थांबला तर बॅटरीचा करंट उलटा त्याच्यातच शिरू पाहतो. तो अडवायला कट-आउट आला; व्होल्टेज आणि करंट आवरायला रेग्युलेटर आला. आपल्याकडे जुन्या ॲम्बेसेडर आणि फियाट गाड्यांच्या बॉनेटखाली ती काळी पेटी असे. उघडली की आत तारेची वेटोळी आणि टकटक करणारे कॉन्टॅक्ट दिसत. सिग्नलवर इंजिन आयडलिंगला आले की चार्जिंगचा दिवा मिणमिणे आणि ॲक्सिलरेटर दाबला की विझे. डायनामोच्या काळात हे निरोगी गाडीचेच वागणे होते.

१९६० मध्ये क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट बसवला आणि हळूहळू जगभर डायनामो मागे पडला. यामागे सिलिकॉन डायोड होता. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी, तीन फेजची वीज बनवतो. बॅटरीला हवी असते एकाच दिशेची. सहा डायोड ती सरळ करतात, आणि बॅटरीचा करंट मागे शिरू नये हे कट-आउटचे कामही तेच फुकटात करतात. अल्टरनेटरमुळे आयडलिंगलाही बऱ्यापैकी वीज मिळू लागली.

या बदलासोबत कामाची एक जुनी सवय मात्र बदलायला हवी होती, ती बऱ्याच ठिकाणी बदललेली नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे. इंजिन चालत राहिले तर चार्जिंग ठीक, बंद पडले तर खराब, ही ती परीक्षा. डायनामोच्या साध्यासुध्या गाडीत तिने एकवेळ निभावले असेल. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक तोडली, तर आत फिरणाऱ्या रोटरमधले चुंबकत्व क्षणात ओसरत नाही. तयार होणाऱ्या विजेला जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळी मारते. ही उसळी शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकते. आधी रेग्युलेटर आणि डायोड जातात, आणि आजच्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. शिवाय परीक्षा म्हणूनही ती निकामी आहे, कारण इंजिन चालत राहिले यातून अल्टरनेटर किती व्होल्ट देतो आणि बोजा पडल्यावर ते टिकतात का, यातले काहीच कळत नाही. हा अभ्यास करणाऱ्याने ही परीक्षा स्वतः कधी करू नये आणि डोळ्यांदेखत कोणाला करू देऊ नये.

आता दिव्याच्या सर्किटकडे येऊ, कारण या विषयाचे सारे सौंदर्य तिथे आहे. अल्टरनेटरवर सहसा दोन महत्त्वाची टर्मिनले असतात. बी प्लस हे जाड तारेचे टर्मिनल थेट बॅटरीला जाते. डी प्लस हे बारीक तारेचे टर्मिनल दिव्याला जाते. दिव्याचे दुसरे टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीला जोडलेले असते. म्हणजे दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचे व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचे. दोन टाक्या खालून एका नळीने जोडल्या, की दोन्हींतली पातळी वेगळी असेपर्यंतच नळीतून पाणी वाहते. पातळी सारखी झाली की वाहणे थांबते. दिवा त्या नळीत बसलेला आहे. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा बॅटरीकडे बारा व्होल्ट आणि अल्टरनेटरकडे जवळपास शून्य, म्हणून दिवा पेटतो. इंजिन फिरले, अल्टरनेटर चढला, दोन्हीकडे सारखे व्होल्टेज झाले, की दिवा विझतो. कोणी स्विच बंद केला म्हणून तो विझत नाही. दोन बाजूंतला फरक संपला म्हणून विझतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. किल्ली फिरवल्यावर दिव्यातून वाहणारा तो थोडासा करंट डी प्लसवरून कार्बन ब्रशांमार्गे रोटरच्या गुंडाळीत जातो आणि रोटरला पहिले चुंबकत्व देतो. त्या चुंबकत्वावर अल्टरनेटर जागा होतो, आणि मग आतले तीन छोटे डायोड त्याच्याच विजेतून रोटरला करंट पुरवू लागतात. म्हणजे हा दिवा बातमी देणारा आहे, तसाच यंत्राचा एक कामाचा भागही आहे. दोन-तीन वॅटचा हा बल्ब उडाला, तर अशा गाडीत अल्टरनेटर जागा व्हायला फार उशीर होतो किंवा तो जागा होतच नाही. रेस वाढवल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही अशी तक्रार येते, अल्टरनेटर उतरवला जातो, खोलला जातो, आणि दोष डॅशबोर्डमागच्या एका बल्बमध्ये निघतो. म्हणूनच सुरुवातीच्या वाक्यातला पहिला भाग, किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच पाहिजे, हा मला जास्त मोलाचा वाटतो.

हे सर्किट एकदा डोळ्यांपुढे उभे राहिले की दिव्याची प्रत्येक वागणूक वाचता येते. किल्लीला दिवा लागत नाही आणि चार्जिंगही नाही: बल्ब, त्याची तार, घासून संपलेले कार्बन किंवा तुटलेली रोटरची गुंडाळी. जुन्या पद्धतीच्या गाडीत इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून डी प्लसची तार काढून अर्थला टेकवावी. दिवा लागला तर बल्ब आणि तार निर्दोष, शोध अल्टरनेटरच्या आत घ्यायचा. इंजिन चालू असताना दिवा पूर्ण प्रखर: अल्टरनेटर काहीच देत नाही, आधी पट्टा पाहा. मंद, अंधारात कळेल न कळेल असा उजेड: दोन बाजूंत थोडाच फरक आहे. एखादा डायोड गेलेला असतो, किंवा जाड तारेच्या जोडात व्होल्टेज मार खात असते. आणि किल्ली काढून घेतल्यावरही दिवा जळत राहिला तर तो आणखी बोलका असतो. एखादा पॉझिटिव्ह डायोड शॉर्ट झालेला आहे, बॅटरीचा करंट त्यातून उलटा शिरून दिव्यापर्यंत पोहोचतो आहे, आणि रात्रीत बॅटरी उतरणार हे नक्की. एका बल्बच्या चार तऱ्हांच्या उजेडातून सीलबंद यंत्राच्या आतले कळते, आणि तेही एक पाना न फिरवता. मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती इथे.

दिव्याला जे कळत नाही, ते बॅटरीकडून वेगळे विचारावे लागते. सहा सेलची भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम चतुर्थांश. या आकड्यांत नवख्याला सर्वांत चकवणारी गोष्ट म्हणजे त्यांतल्या अंतराचा लहानपणा: भरलेली आणि निम्मी यांत अर्ध्या व्होल्टचाही फरक नाही. म्हणून सुईचा अंदाजे मीटर इथे चालत नाही. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर प्लेटांच्या पृष्ठावरचा तात्पुरता चार्ज आकडा फुगवतो. काही तास थांबावे, नाहीतर हेडलाइट मिनिट-दोन मिनिटे लावून मग मोजावे. मीटर १०.५ च्या आसपास येऊन अडला, तर सहांपैकी एक सेल मेला असल्याची दाट शंका घ्यावी, कारण एका सेलचे २.१ व्होल्ट वजा केले की तोच आकडा येतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर प्रत्येक सेलचे वेगळे सांगतो. तिथे एका आकड्यापेक्षा सहा सेलांमधला फरक जास्त महत्त्वाचा असतो. उष्ण प्रदेशासाठी ॲसिड मुळातच थोडे हलके ठेवतात, त्यामुळे थंड देशांतल्या तक्त्यातला १.२६५ किंवा १.२८० हा आकडा आपल्या बॅटरीला जसाच्या तसा लावू नये.

उष्णतेबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. थंडीत बॅटरी मरते असे सर्वत्र म्हणतात. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ वर. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या गंजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. प्लेटांची जाळी उन्हाळ्यात खाल्ली जाते, पाणी उन्हाळ्यात उडते. पण उन्हाळ्यात इंजिनचे ऑइल पातळ असते, सेल्फला जोर कमी लागतो, आणि आजारी बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबरच्या शेवटी नर्मदेकडून गारठा येतो, ऑइल घट्ट होते, बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते, आणि सकाळी सेल्फ कण्हत थांबतो. बॅटरी मेमध्ये गेलेली असते. डिसेंबरमध्ये ते उघड होते. म्हणून आपल्या हवेत बॅटरी तपासण्याचा खरा महिना ऑक्टोबर आहे, पावसाळा संपल्यावर आणि थंडी पडण्याआधी. उन्हाळ्याचा परिणाम चार्जिंगच्या आकड्यावरही होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत असे सांगतात ते खरे. पण तापलेली बॅटरी जास्त व्होल्टेजने उकळू नये म्हणून रेग्युलेटर गरमीत व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. मेच्या दुपारी १३.६ दिसले म्हणून अल्टरनेटर बाद ठरवू नये. १५ च्या वर आकडा गेला तर मात्र ऋतू कोणताही असो, तो दोष आहे. बॅटरीचे पाणी भराभर कमी होणे आणि बल्ब वारंवार उडणे ही त्याची लक्षणे, आणि जुन्या गाडीत दिवा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मोजण्याच्या कलेत सर्वांत कमी वापरली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ परीक्षा म्हणजे चालू सर्किटमधला व्होल्टेज ड्रॉप. बॅटरीच्या जाड केबलमधल्या बहुतेक तारा आतून गंजून तुटल्या, फक्त दोनचार उरल्या, असे समजा. ती केबल काढून ओहममीटर लावला तर तो शून्यच दाखवील. मीटरचा चिमूटभर करंट वाहायला दोन तारा पुरतात. सेल्फचा दीडशे-दोनशे अँपिअरचा करंट मात्र त्यांतून जाताना अडतो, केबल तापते आणि व्होल्टेज वाटेतच संपते. म्हणून केबल काढायची नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे अल्टरनेटरच्या बी प्लसवर ठेवायचे, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आणि आकडा वाचायचा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वाट मोकळी. तेच अर्थच्या बाजूला: बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते अल्टरनेटरची बॉडी, इथे ०.१ ते ०.२ च्या आत. सेल्फ मारताना बॅटरीवरच मीटर ठेवला आणि व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त खातो आहे. अर्थच्या पट्टीचा एक गंजलेला बोल्ट किती धडधाकट अल्टरनेटरांच्या बदलीला कारणीभूत होतो, हे कोणत्याही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारावे.

जुन्या शहरात राहणाऱ्यांचा एक ठाम समज असतो: दीक्षितपुऱ्यातून बडा फुहारा, तिथून कमानिया गेट, परत घर, अशा आखूड फेऱ्यांत दर वेळी सेल्फ मारल्याने बॅटरी संपते. हिशेब करून पाहावा. २०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ४०० अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.११ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे फार नाही. खरा खर्च दुसरीकडे होतो. गर्दीत गाडी सारखी आयडलिंगला असते, तेव्हा अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या बऱ्याच खाली चालतो. त्याच वेळी ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, ब्रेकचे दिवे आणि संध्याकाळी हेडलाइट असा सगळा बोजा लागलेला असतो. दोन्ही हेडलाइटचे मिळून ११० वॅट, म्हणजे एकट्यांचेच नऊ अँपिअर. येणे कमी आणि जाणे जास्त, अशी गाडी घरी परतते. मग ती गल्लीत चार दिवस उभी राहते. बंद गाडीही थोडे खातेच: घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते मान्य, दिवसाला १.२ अँपिअर-तास. पण बाजारातून बसवलेला एखादा स्टिरिओ किंवा ट्रॅकर तीनशे मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला सात अँपिअर-तासांहून जास्त जातात आणि पाचव्या दिवशी ती बॅटरी रिकामी. असा चोरखर्च शोधायला फ्यूज एकेक काढत करंट पाहणे ही जुनी रीत आजही उत्तम आहे. आजच्या गाडीत एवढेच लक्षात ठेवावे की लॉक केल्यावर कॉम्प्युटर झोपी जायला बराच वेळ घेतात. त्याआधीचा आकडा खरा धरू नये.

दिवा रस्त्यात लागला तर काय करावे, हेही या अभ्यासाचेच अंग आहे. जबलपूरहून नागपूरला निघालेल्या गाडीत लखनादौन, सिवनी ओलांडल्यावर, पेंचच्या जंगलाच्या रस्त्यावर रात्री दिवा लागला असे समजू. पहिली नजर तापमानाच्या काट्यावर टाकावी. अनेक इंजिनांत एकच पट्टा अल्टरनेटरसोबत वॉटर पंपही फिरवतो. काटा वर सरकत असेल तर पट्टा गेला आहे, आणि इंजिन लगेच बंद केले पाहिजे, जागा कितीही गैरसोयीची असली तरी. काटा जागेवर असेल तर गाडी बॅटरीवर थोडी चालेल. इंधन पंप, इंजेक्टर आणि इग्निशन मिळून साधारण दहा अँपिअर, हेडलाइट धरून वीस. चांगली भरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी यावर तासभर, फार तर थोडी जास्त तग धरील. एसी, ब्लोअर, स्टिरिओ बंद करावेत, इंजिन मात्र बंद करू नये, कारण पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. जवळच्या वस्तीपर्यंत पोहोचावे. विजेवर चालणारे स्टिअरिंग असेल तर व्होल्टेज उतरताना ते जड होऊ लागते. ती शेवटची सूचना समजावी.

नव्या गाड्यांत चित्र पालटले आहे आणि जुन्या जाणकारांनाही इथे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. इंजिनचा कॉम्प्युटर त्याच्याकडून माहिती घेतो आणि अल्टरनेटरला किती व्होल्ट द्यायचे ते एका तारेवरून कळवतो. गाडी वेग घेत असताना इंजिनावरचा भार हलका करण्यासाठी तो चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि उतारावर किंवा ब्रेक दाबताना वाढवतो. एका क्षणी मीटरवर १२.६ दिसले, तर तो दोष नसून बेत असू शकतो. इथे दिवाही फरकावर पेटत नाही. कॉम्प्युटरने आज्ञा दिली की पेटतो. डी प्लसची तार अर्थ करण्याची वर सांगितलेली परीक्षा अशा गाडीत अजिबात करू नये. तिथे स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. पण कोड दोषी भागाचे नाव सांगत नाही, तक्रारीचे स्वरूप सांगतो. सिस्टिमचे व्होल्टेज कमी, एवढे कोडमधून कळते. ते गंजलेल्या बोल्टमुळे की जळालेल्या डायोडमुळे, हे शेवटी मल्टिमीटरच सांगतो. विजेवरच्या गाड्यांतही ही शाखा संपत नाही. त्यांच्यातही दिवे, लॉक आणि कॉम्प्युटरसाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती भरण्याचे काम अल्टरनेटरऐवजी कन्व्हर्टर करतो, आणि ती उतरली तर मुख्य बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. फक्त नारिंगी आवरणाच्या केबलना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावू नये, हा नियम तिथे पहिला.

धोक्यांचा उल्लेख झालाच आहे तर एक आणखी. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगी पुरते. जम्प देताना शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या खांबाला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावायची, ती यासाठी. डोळ्यांना चष्मा आणि हाताशी भरपूर पाणी असल्याशिवाय ॲसिडच्या बॅटरीचे झाकण उघडू नये. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी.

या अभ्यासात शिरायला पदवी लागत नाही. एक बऱ्यापैकी डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, बॅटरी उघडणारी असेल तर हायड्रोमीटर, आणि एक वही लागते. वहीला मी सर्वांत वरचे स्थान देतो. गाडी निरोगी असतानाच तिचे आकडे लिहून ठेवावेत: रात्रभराच्या विश्रांतीनंतरचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे, आयडलिंगचे, सर्व बोजा लावून रेस वाढवल्यावरचे, आणि तारीख व हवामान. पुढे दिवा लागला तर तुलना करायला पुस्तकातला सरासरी आकडा घ्यावा लागणार नाही. त्याच गाडीचा, त्याच हवेतला आकडा हाताशी असेल. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींनी ही सवय पहिल्या वर्षीच लावून घ्यावी. ज्यांनी फॅक्टरीत, डेपोत किंवा रस्त्याकडेच्या दुकानात वाहनांची वीज हाताळण्यात हयात घालवली, अशा वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की आपल्याला आठवणारे बिघाड, लक्षण काय होते, मोजले काय आणि निघाले काय, या क्रमाने मराठीत लिहून काढावेत किंवा घरातल्या नातवंडांना सांगून लिहून घ्यावेत. आणि वाचकाला एवढेच सांगणे: उद्या सकाळी गाडीची किल्ली फिरवाल तेव्हा सेल्फ मारण्याआधी क्षणभर थांबा आणि तो तांबडा दिवा लागतो का ते पाहा. लागला नाही, तर गाडी चालू होत असली तरी ती आठवड्याच्या आत तपासून घ्या.

दीक्षितपुरा, जबलपूर